टाकळा खायचा तो कोवळाच

सोसायटीच्या कुंपणाकडेला पावसात उगवतो तो टाकळा खाता येतो का, आणि ओळखायचा कसा, असं तुम्ही विचारलंय. खाता येतो, फक्त वेळ गाठायला हवी. पाऊस सुरू झाल्यावर रोप वीतभर होईपर्यंतच त्याची खरी चव. मागे एकदा मी श्रावणात, पिवळी फुलं आल्यावर हौसेने खुडून आणला. कडू जून चोथा झाला होता. घरच्यांनी ताटं सरकवली ती सरकवलीच.

ओळख सोपी आहे. मेथीची मोठी बहीण वाटावी अशी गोल टोकाची पानं, बहुधा तीन जोड्या, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. संध्याकाळी ही पानं मिटतात. आजी म्हणायची, "झोपला तो, आता हात लावू नको", म्हणून आम्ही सकाळीच खुडायचो. पानं टोकदार आणि जोड्या जास्त दिसल्या तर तो कासविंदा असू शकतो. त्याच्या बिया विषारी, तेव्हा लहान मुलांना सोबत नेत असाल तर हा फरक आधी दाखवा. आणि गटाराकाठचा, फवारणी केलेला टाकळा नकोच.

आमच्या रत्नागिरीकडची भाजी अशी: फोडणीत ठेचलेली लसूण आणि हिरवी मिरची, त्यावर भरपूर कांदा, मग उकडून ठेचलेल्या फणसाच्या आठळ्या आणि बारीक चिरलेला पाला. पाला आळून मूठभर होतो, म्हणून मीठ शेवटी. वरून ओलं खोबरं, कडवटपणा सोसत नसेल तर गुळाचा खडा. सोबत तांदळाची भाकरी. आठळ्या नसतील तर भिजवलेली चणाडाळ चालते, पण ती तडजोडच. गोव्यात यालाच तायकिळो म्हणतात आणि तिथेही आठळ्या सोडत नाहीत. विदर्भात हाच तरोटा.

औषधाचं म्हणाल, तर संस्कृतात याचं नावच चक्रमर्द, म्हणजे गजकर्णाची चकंदळं मोडणारा. आजोबा बी लिंबाच्या रसात उगाळून लावायचे. मी मात्र गजकर्णाला डॉक्टरांचं मलमच लावतो. बी भाजून कॉफीसारखंही पितात. मी एकदा करून पाहिलं, करपलेल्या हरभऱ्याची चव आली.

खुडायचा कंटाळा असेल तर जून-जुलैत बाजाराच्या तोंडाशी पाड्यावरच्या बायका वाटे लावून बसतात. देठ नखाने टचकन तुटला तरच वाटा उचला.