‘अनविलिंग’ लिहून देण्याआधी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातला. पायदळात नाईक आहे, वय ३३, सेवा १३ वर्षं ७ महिने. २०२२ च्या हिवाळ्यात कुपवाड्यात पेट्रोलिंगवर असताना बर्फावरून घसरून पाठीवर पडलो. कमरेची चकती सरकली, ऑपरेशन झालं. आता पर्मनंट लो मेडिकल कॅटेगरी (कायमची खालची वैद्यकीय श्रेणी) आहे, अपंगत्व ३० टक्के धरलंय. सध्या स्टोअरला बसवलंय. पुढच्या महिन्यात पुन्हा मेडिकल बोर्ड आहे. ऑफिसातले लोक म्हणतात, ‘अनविलिंग लिहून दे, डिसॅबिलिटी पेन्शन लागेल, घरी जा.’ घरचेही म्हणतात, या आता. पूर्ण सर्व्हिस करू की मेडिकलवर येऊ?

उत्तर : पुढचे १७ महिने, म्हणजे १५ वर्षं भरेपर्यंत, कुठल्याही ‘अनविलिंग’ कागदावर सही करू नका. पूर्ण सर्व्हिसचा प्रश्न त्यानंतरचा.

तुमच्या पत्रात ‘मेडिकलवर येणं’ ही तुमच्या हातातली गोष्ट असल्यासारखी आली आहे. ती तशी नाही. लष्करात मेडिकलवर माणूस स्वतः येत नाही, त्याला इन्व्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, म्हणजे सेवेला अपात्र ठरवणारं डॉक्टरांचं मंडळ, पाठवतं. तुमच्या हातात आहे ते फक्त ‘मला हलक्या जागेवर काम करायचं नाही’ असं, म्हणजेच ‘अनविलिंग’, लिहून देणं. गावात दोन्हीला लोक ‘मेडिकलवर आला’ म्हणतात. डिस्चार्ज बुकात मात्र ती दोन वेगळी कारणं असतात, आणि पेन्शन त्या कारणाच्या रकान्यावर ठरते.

जवानाला सेवेची पेन्शन १५ वर्षांनी बसते. बोर्डाने अपात्र ठरवून घरी पाठवलं, तर दहा वर्षांच्या पुढे सेवा असलेल्याला दुखापतीचा नोकरीशी संबंध मान्य झाला नाही तरी इन्व्हॅलिड पेन्शन मिळते. संबंध मान्य झाला, तर सर्व्हिस एलिमेंट (सेवेचा भाग) आणि डिसॅबिलिटी एलिमेंट (अपंगत्वाचा भाग) दोन्ही. पण १३ वर्षं ७ महिन्यांवर ‘स्वतःच्या विनंतीवरून’ बाहेर पडलात, तर सेवेची पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी घ्यायची आणि गाडी पकडायची. माजी सैनिक म्हणून सरकारी नोकरीतल्या राखीव जागांवरचा हक्कही अडचणीत येतो, कारण पेन्शन न मिळवता स्वतःहून आलेला माणूस त्या व्याख्येत बसत नाही.

ऑफिसातले लोक अगदी खोटं बोलत नाहीत, हेही सांगतो. १९६१ च्या पेन्शन नियमावलीत १७३-ए म्हणून तरतूद होती. कायम लो मेडिकल असलेला जवान पर्यायी काम नाकारून बाहेर पडला, तरी त्याला इन्व्हॅलिड झालेला समजावं, असं ती म्हणत होती. पलटणीतली ऐकीव माहिती बहुतेक तिथून चालत आली आहे. त्यानंतर नियमावली बदलली, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्वाच्या हक्काचे नवे नियम लागू झाले. त्यांत अपंगत्व असूनही सेवेत राहून मुदतीनंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा वेगळा प्रकार केला आहे. जुन्या हवालदारांनी सांगितलेला हिशेब आता जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. तोंडी सांगणाऱ्याला म्हणावं, हेच रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी आणून द्या. आणत नाहीत, हा माझा अनुभव.

आता पैसे. मूळ पगार ३३,३०० धरला आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, तर हिशेबाचा पगार ३८,५००. त्याची निम्मी पेन्शन १९,२५०. डिसॅबिलिटी एलिमेंट शंभर टक्के अपंगत्वाला पगाराच्या ३० टक्के, म्हणजे ११,५५०. तुमच्या ३० टक्क्यांना ३,४६५. बोर्डाने बाहेर काढलं, तर ३० टक्के ५० धरले जातात आणि आकडा ५,७७५ होतो. (मुदत पूर्ण करणाऱ्यांनाही ही पायरी मिळावी, हे राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला सांगितलं, पण तो निकाल जुन्या नियमांवरचा.) म्हणजे ज्या फरकासाठी तुम्हाला घाई करायला सांगतायत, तो महिन्याला २,३१० रुपये, वर महागाई. त्याच्यासमोर नाईकाच्या २२ वर्षांच्या मुदतीतला आठ वर्षं पाच महिन्यांचा पूर्ण पगार ठेवा.

डिसॅबिलिटी पेन्शनवरच्या आयकरमाफीचंही कुणी सांगेल. २४ जून २०१९ च्या परिपत्रकाने ती फक्त इन्व्हॅलिड झालेल्यांना दिली, त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. तुमच्या उत्पन्नाला नव्या करपद्धतीत कर लागतच नाही, तेव्हा हा मुद्दा सोडून द्या.

१५ वर्षं भरल्यावर मात्र चित्र बदलतं. तेव्हा पेन्शन हातात असते, निर्णय खरोखर तुमचा होतो. तरीही एक खाच आहे : ७ नोव्हेंबर २०१५ च्या वन रँक वन पेन्शनच्या (ओआरओपी, समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) आदेशात, त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना ओआरओपी मिळणार नाही, असं आहे. वय ३४-३५ ला येणाऱ्याला पुढची चाळीसेक वर्षं हे जाणवेल. म्हणून माझा कल मुदत पूर्ण करण्याकडे आहे, पाठीने साथ दिली तर. लो मेडिकलमुळे बढती आणि मुदतवाढ अडू शकते, ते गृहीत धरूनच सांगतोय.

‘जागा नाही’ म्हणून युनिटने परस्पर काढलं तर? राजपाल सिंग प्रकरणात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की लो मेडिकल जवानाला वैद्यकीय कारणावरून काढायचं असेल, तर इन्व्हॅलिडिंग बोर्ड घ्यावं लागतं. तशी वेळ आली, तर सही करताना ‘अंडर प्रोटेस्ट’ (मान्य नसताना सही करतोय) असं लिहा आणि त्या दिवशीच मला कळवा.

खरं काम पुढच्या महिन्यातल्या बोर्डाआधी आहे. तुमच्या पत्रात इंज्युरी रिपोर्टचा उल्लेखच नाही, आणि मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. तुम्ही पडलात तेव्हा युनिटने आयएएफवाय-२००६ हा इंज्युरी रिपोर्टचा फॉर्म भरला होता का? त्यावर सीओची (कमांडिंग ऑफिसरची) सही आणि ‘ड्यूटीवर असताना’ हे शब्द आहेत का? बोर्डाच्या कागदात एक छोटा तक्ता असतो : दुखणं सेवेमुळे झालं का, सेवेमुळे वाढलं का, हो की नाही. डॉक्टर तिथे ‘नाही’ लिहून मोकळे होतात, कारण समोरच्या फाइलमध्ये कुपवाड्याचा कागदच नसतो. माझ्याकडे आलेल्या एका जवानाच्या फाइलमध्ये दुखापतीच्या तारखेला तो सुट्टीवर असल्याची नोंद होती. क्लार्कने महिना चुकवला होता. ती नोंद दुरुस्त करून घ्यायला आम्हाला दोन वर्षं लागली.

बोर्डासमोर तुमच्याकडून पर्सनल स्टेटमेंट घेतील. त्यात ‘पाठ दुखते’ एवढंच लिहू नका. तारीख, पोस्ट, सोबत कोण होतं, पाठीवर किती वजन होतं, खाली कुणी आणलं, पहिला उपचार कुठे झाला, हे सगळं लिहा. भरतीआधी पाठीचा त्रास होता का, या प्रश्नाला ‘लहानपणी शेतात एकदा लचक भरली होती’ असली प्रामाणिक पण निरर्थक वाक्यं लिहिणारे मी पाहिलेत. भरतीच्या तपासणीत तुम्ही फिट होता, तशी नोंद आहे. धरमवीर सिंग प्रकरणाचा २०१३ चा निकाल याच नोंदीवर उभा आहे.

बोर्डाच्या कागदांची प्रत लगेच मागा, नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज करा. हक्क नाकारला गेला तर आधी खात्यातलं अपील, मग आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांच्या आत जायचं असतं. पेन्शनच्या बाबतीत उशीर माफ होतो, पण थकबाकी सहसा मागच्या तीन वर्षांचीच मिळते.

घरच्यांना हे आकडे दाखवा. १७ महिने म्हणजे फार तर दोन दिवाळ्या. आणि स्टोअरमध्ये कुणी पेट्या उचलायला लावत असेल, तर मुकाट्याने उचलू नका. कॅटेगरीच्या शिफारशीत वजन उचलण्याची मनाई असेल, तर ती लेखी दाखवा. पायात मुंग्या येऊ लागल्या किंवा बधिरपणा वाढला, तर त्याच दिवशी सिक रिपोर्ट करा (आजारी असल्याचं नोंदवा) आणि एमआय रूमच्या (युनिटच्या तपासणी खोलीतल्या) नोंदीचा फोटो काढून ठेवा.