१९९०च्या दशकातील व्यावसायिक बेसबॉलचा सर्वांत महत्त्वाचा विक्रम कोणता मानावा?

माझ्या मते, अमेरिकेतील बाल्टिमोर ओरिओल्स या संघाच्या कॅल रिपकन ज्युनिअर यांचा सलग सामने खेळण्याचा विक्रम. ६ सप्टेंबर १९९५ रोजी ते सलग २,१३१वा सामना खेळले आणि लू गेरिग यांचा १९३९पासून अबाधित असलेला २,१३० सामन्यांचा विक्रम मागे पडला. पाचव्या डावाच्या मध्यावर सामना नियमानुसार अधिकृत ठरताच मैदानालगतच्या जुन्या गोदामाच्या भिंतीवर नवा आकडा झळकला आणि वीस मिनिटांहून अधिक काळ टाळ्या थांबल्या नाहीत. आदल्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचा विजेता ठरवणारी अंतिम लढतच रद्द झाली होती, त्यामुळे दुरावलेल्या प्रेक्षकांना या प्रसंगाने पुन्हा जवळ आणले असे मानले जाते. रिपकन यांची सलग सामन्यांची मालिका पुढे २,६३२ सामन्यांपर्यंत गेली आणि सप्टेंबर १९९८मध्ये त्यांनी स्वतःहून विश्रांती घेऊन ती थांबवली.

त्याच १९९८मध्ये मार्क मॅग्वायर यांनी एका मोसमात ७० होमरन (फटका मारून सर्व बेस पार करत थेट धाव मिळवणे, बहुधा चेंडू मैदानाबाहेर टोलावून) मारून रॉजर मॅरिस यांचा १९६१चा ६१ होमरनचा विक्रम मोडला. गाजावाजा त्याचाच अधिक झाला. परंतु त्यांनी २०१०मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिल्यामुळे मी त्याला दुय्यम स्थान देतो. पिचर (चेंडू फेकणारे) नोलन रायन यांचा १ मे १९९१ रोजीचा सातवा नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू न दिलेला सामना, मात्र निर्विवाद आहे.