भडक्याच्या आधीचं लिही

प्रिय दोस्ता,

"हा जन्मापासूनच तापट" असं घरचे म्हणतात, आणि आता तूही स्वतःबद्दल तेच सांगायला लागलास. त्यातलं अर्धं खरं आहे. चटकन भडकणं, बदल न सोसणं हा स्वभाव असतो. थॉमस आणि चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 पासून न्यूयॉर्कमधल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून स्वभावाचे नऊ पैलू मांडले, त्यांत हे येतं. पण जेवणाचं ताट भिरकावणं त्यांत नाही. ती सवय, आणि सवय मोडता येते.

दोन आठवडे एक वही ठेव. भडका उडाला की कारण लिहू नकोस (कारण म्हणून दर वेळी वडिलांचंच नाव येईल!). त्याआधीचं लिही: रात्री झोप किती झाली, शेवटचं कधी खाल्लं, मोबाईल किती वेळ हातात होता, उकाडा किती. तुझ्यासारख्या किशोरवयात 8 ते 10 तास झोप लागते. पण याच वयात झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं, म्हणून रात्री डोळा लागत नाही. त्यात सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीपार, आणि भल्या पहाटे नळाला पाणी आलं की घागरी भरायला उठणं आलंच. अशा दिवशी कॉलेज कुठलं, शाखा कुठली, हा विषय काढूच नकोस.

राग चढताना कान तापतात, जबडा आवळतो. तिथेच उठायचं, आवाज चढल्यावर काही उपाय चालत नाही. "वीस मिनिटं द्या, मग बोलतो" एवढंच म्हण आणि गच्चीवर जा. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, दहा वेळा. मोबाईल खालीच ठेव, कारण मित्राला सगळी हकीकत टाईप करताना राग पुन्हा पेटतो. न सांगता उठलास तर वडिलांना तो उर्मटपणा वाटतो, ते मागून येतात आणि भांडण जिन्यात सुरू होतं. म्हणून हे वाक्य घरात शांतता असताना आधीच ठरवून घे. आणि वेळेवर परत ये, नाहीतर पुढच्या खेपेला कुणी जाऊ देणार नाही.

माफी मागताना "पण" लावू नकोस.

दोन आठवडे कशातच मन लागलं नाही, भूक-झोप उडाली, तर आईला बरोबर घे आणि वहीसकट सिव्हिलच्या मनोविकार विभागात जा. स्वतःला इजा करावी असं मनात आलं तर वही-बिही राहू दे. लगेच घरातल्या मोठ्या माणसाला सांग, किंवा 14416 वर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.