कोरलच्या टबासाठी राखीव पैसा मोडू का?

प्रश्न : माझी 100 लिटरची समुद्री पाण्याची टाकी दीड वर्ष व्यवस्थित चालू आहे. कोरल (प्रवाळ) वाढून काचेला टेकलीत. आता 200 लिटरचा उथळ टब करून त्यात कोरलचे तुकडे वाढवायचे आणि विकायचे, असं मनात आहे. सगळं मिळून दोन महिन्यांच्या घरखर्चाइतका खर्च येतोय. अडीअडचणीसाठी तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलाय, त्यातून काढीन. 80 तुकडे, वर्षातून दोनदा विक्री, म्हणजे 10 महिन्यांत पैसे वसूल. मेव्हणा निम्मे पैसे घालायला तयार आहे. करू का?

उत्तर : राखीव पैशाला हात लावू नका. टब जरूर करा, पण आत्ता नको, आणि या हिशेबावर तर नकोच.

पत्रासोबतचा तुमचा खर्चाचा तक्ता दोनदा वाचला. जिथे हात आखडायला हवा तिथे तुम्ही नेमका आखडलाय. काचेच्या टाकीऐवजी प्लॅस्टिकचा टब, ट्यूबलाईटखाली लावतात ती चौकोनी जाळी कापून पीव्हीसीच्या पायांवर बसवलेला रॅक, चिकटवायला सुपरग्लू जेल. पाणी 30 सेंटिमीटरच खोल ठेवल्यामुळे लाईटही लहान चालतो. यात मला काढायला काही जागाच नाही. पण हा सगळा एकदाच होणारा खर्च झाला. दर महिन्याचा खर्च तक्त्यात कुठेच नाही.

मिठापासून सुरुवात करू. लिटरला 35 ग्रॅम धरलं तर टब पहिल्यांदा भरायला 7 किलो मीठ लागेल. तेवढी पिशवी तुम्ही धरलीये. पुढे दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलायचं म्हणजे 20 लिटर, 700 ग्रॅम मीठ. वर्षाचं झालं 36 किलो, म्हणजे पहिल्या भरणीच्या पाचपट. त्या पाण्यासाठी आरओ चालणार, आणि तो जेवढं शुद्ध पाणी देतो त्याच्या कितीतरी पट मोरीत सोडतो.

विजेचंही तसंच. लाईट किती बिल खाईल, ही धास्ती तुमच्या पत्रात तीनदा आलीये. 100 वॅटचा लाईट दिवसात 9 तास लावला तर 0.9 युनिट. रिटर्न पंप (फिल्टरमधलं पाणी परत वर आणणारा) आणि दोन वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारे पंखे) मिळून जेमतेम 60 वॅट, पण ते रात्रंदिवस फिरतात : 1.44 युनिट. 200 वॅटचा हीटर दिवसात एकूण 8 तास जरी पेटला तरी 1.6. बेरीज रोजची जवळजवळ 4 युनिट, वर्षाची 1,400च्या वर. थंडीत हीटर आणखी पेटेल, उन्हाळ्यात पंखे किंवा चिलर लागेल. तेव्हा लाईट स्वस्तातला चालेल, पंप मात्र कमी वीज खाणारा घ्या, सुरुवातीला महाग पडला तरी. तुमच्या बिलात वर्षाचे युनिट मांडून बघा आणि मग 10 महिन्यांचा आकडा पुन्हा लिहा.

आता विक्री. 80 तुकडे लावले की 80 विकले जातील, असं तुम्ही धरलंय. काही मरतात, काही महिनोन्महिने नुसते बसून राहतात. शिवाय मालाचा स्वभावच असा की झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप, मशरूम ही कोरल भराभर वाढतात, म्हणून ती सगळ्यांकडे असतात आणि हौशी लोक एकमेकांना फुकट देतात. भाव असतो तो अॅक्रोपोरासारख्यांना. त्यांना कडक प्रकाश लागतो, पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल शोषून घेण्याची ताकद) रोज एका पातळीवर लागते, आणि एवढं करून ती त्या मानाने सावकाश वाढतात. दुकानदार बऱ्याचदा रोख देत नाहीत, बदल्यात सामान देतात. ते मीठ आणि टेस्ट किट घ्यायला ठीक आहे, पण त्यातून राखीव पैसा भरून निघत नाही.

विक्रीचा आकडा लिहिण्याआधी तुमच्याकडचा कायदाही बघून घ्या. दगडी कोरल सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत, त्यामुळे सीमेपार न्यायला कागद लागतात. काही ठिकाणी देशातल्या देशात बाळगण्यावर, विकण्यावरही बंधनं असतात. तसं असेल तर उत्पन्नाच्या जागी शून्य लिहा आणि निव्वळ हौस म्हणून विचार करा.

राखीव पैशाबद्दल मी एवढा अडून का बसलोय? माझ्या एका क्लायंटच्या टाकीतला हीटर चालू स्थितीतच अडकला. रात्री पाणी 26 अंश होतं, सकाळी 33. कोरलचे पांढरे सांगाडे आणि दारापर्यंत आलेला वास. दोन वर्षांची वाढ एका रात्रीत गेली. त्याचा राखीव पैसा शाबूत होता म्हणून त्याने दुपारपर्यंत नवा हीटर आणि पाणी आणून उरलेले दोन मासे तरी वाचवले. कोरल हे जिवंत भांडवल आहे. वीज आठ तास गेली तरी ते धोक्यात येतं, आणि नेमक्या त्या दिवशी लागणारे पैसे तुम्ही टबात घालायला निघालाय.

मग करायचं काय? चालू टाकीत चुंबकाचा एक छोटा रॅक लावा. काचेला टेकलेल्या कोरलचे 12 तुकडे त्यावर बसवा. मीठ, हीटर, पंप आहेत तेच. (झोअँथिड या बटणासारख्या कोरलचे तुकडे कापताना हातमोजे आणि गॉगल हवेतच. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. सल्ला माझ्या विषयाबाहेरचा आहे, पण इस्पितळाचं बिल माझ्याच तक्त्यात येतं.) सहा महिने वहीत लिहा : किती जगले, किती विकले, रोख किती, बदली सामान किती. तोवर दरमहा बचतीतून टबासाठी वेगळं काढत राहा. आकडे बरे आले तर टब घ्या आणि तो जुन्या टाकीच्याच ‘संप’ला, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीला जोडा. पाणी एकच राहिलं की स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) दुसरा लागत नाही. रोग आला तर दोन्हीकडे पसरेल, हा तोटा आहेच, म्हणून नवीन तुकडा डिप केल्याशिवाय (औषधी पाण्यात बुडवून काढल्याशिवाय) आत घेऊ नका. एक मोठा हीटर घेण्याऐवजी दोन लहान घ्या आणि ते वेगवेगळ्या कंट्रोलरवर ठेवा. एवढ्या एका जागी काटकसर नको.

राहिला मेव्हणा. त्याचे पैसे घेऊ नका. अर्धे तुकडे मेले तर ते कोणाचे, याचा निवाडा घरात कोण करणार? पण तुम्ही चार दिवस बाहेर असलात की टाकीकडे बघायला माणूस लागेल, ते काम त्याला शिकवून ठेवा. पाणी आटलं की खुणेपर्यंत शुद्ध गोडं पाणी घालायचं, मिठाचं नाही. वाफ होते ती पाण्याची, मीठ टाकीतच राहतं.