बाईंना विचारा: बंदुकीचा फोटो आणि वाडीतली कुजबूज

बाई, नमस्कार. माझा मुलगा नववीत आहे. त्याच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलाने घरच्या बंदुकीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सोमवारी शाळेत या, एकेकाला दाखवतो.' रविवारी रात्री माझा मुलगा जेवेना. खोदून विचारलं तेव्हा मोबाईल पुढे केला. मी मुख्याध्यापकांना फोन केला, त्यांनी पोलिसांना कळवलं. बंदूक आजोबांच्या परवान्यावरची, ती पोलीस घेऊन गेले. मुलाला आईवडिलांसोबत बोलावलं आणि संध्याकाळी सोडलं. दुसऱ्या दिवशी एका यूट्यूब चॅनेलवाल्याने त्याचं नाव, गणवेशातला फोटो, घराचं अंगण, सगळं दाखवलं. मथळा, 'कोकणात अमेरिका! रक्तपाताचा कट उधळला.' आता वाडीत कोणी धड बोलत नाही. त्याच्या आईने मला मासळीबाजारात चार बायकांसमोर सुनावलं, 'माझ्या पोराचं वाटोळं केलंस.' माझ्या मुलाला शाळेत 'खबऱ्या' म्हणतात. आमचं चुकलं का? त्या मुलाला तुरुंग होईल का?
एक आई, राजापूर तालुका

तुमचं चुकलं नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

चुकलं होतं माझं. गुहागर तालुक्यात मी गणित शिकवायचे तेव्हाची गोष्ट. आठवीचे सहामाहीचे पेपर तपासत होते. एकाच्या पेपरामागे पेन्सिलीने चित्र काढलेलं होतं. वर्गातलाच एक मुलगा, खाली त्याचं नाव, आणि त्याच्या मानेवर कोयती. चित्र फार निगुतीने काढलेलं. शर्टाला पाच बटणं होती, प्रत्येक बटणाला चार भोकं. मी काय करावं? लाल पेनाने 'पेपरवर चित्रे काढू नयेत' लिहिलं, टापटिपीचा अर्धा गुण कापला आणि पेपर परत दिला. पंधरा दिवसांनी शिपायाला त्या मुलाच्या दप्तरातून मूठ बाहेर आलेली दिसली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोयती होती, घरची, गवत कापायची. कोणाला काही झालं नाही, शिपायाची नजर चांगली म्हणून. त्या पोराचे वडील खलाशी होते, पावसाच्या तोंडावर गेले ते परत आले नव्हते, आणि चित्रातला मुलगा त्याला रोज 'तुझा बाप पळाला' म्हणायचा. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त बाईंना.

म्हणून अमेरिकेतल्या ऑक्सफर्ड गावची हकिकत वाचली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मिशिगन राज्यातलं हे गाव. ३० नोव्हेंबर २०२१ ला सकाळी तिथल्या शिक्षिकेला एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गणिताच्याच कागदावर पिस्तुलाचं चित्र दिसलं. 'हे विचार थांबत नाहीत, मला मदत करा', अशा अर्थाचंही त्याने लिहिलं होतं. शाळेने आईवडिलांना बोलावलं. त्यांनी मुलाला घरी न्यायला नकार दिला, शाळेने त्याला वर्गात परत पाठवलं, दप्तर कोणी उघडलं नाही. पिस्तूल दप्तरातच होतं. बापाने चार दिवसांपूर्वी नाताळची आगाऊ भेट म्हणून घेतलेलं. त्या दिवशी चार विद्यार्थी मेले. मुलाला जन्मठेप झाली, सुटकेची आशा नसलेली. पुढे २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी मुलाच्या आईबापांना दोषी धरण्याची अमेरिकेतली ही पहिली वेळ.

तिथे कागद शाळेने पाहिला, आईबापांनीही पाहिला आणि मुलगा वर्गात परत गेला. तुमच्याकडे फोटो एका मुलाने पाहिला, आईला दाखवला आणि आईने तासाभरात फोन केला. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना संरक्षण देणाऱ्या यंत्रणेने, २०२१ मध्ये एक अहवाल काढला, त्यात २००६ ते २०१८ या काळातल्या, शाळांवरच्या हल्ल्यांच्या घडण्याआधीच फसलेल्या ६७ कटांचा अभ्यास आहे. ते मुख्यतः कॅमेऱ्यांनी किंवा दारावरच्या यंत्रांनी फसवले नव्हते. बहुतेक वेळा कोणीतरी ऐकलं, वाचलं आणि सांगितलं, आणि सांगणारे बहुधा वर्गातलेच होते. करणारा बहुधा आधी कुठेतरी बोलतो. तुमच्या मुलाला हे वाचून दाखवा. 'खबऱ्या' म्हणणाऱ्यांना दाखवायची गरज नाही, ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत विसरतील.

आता त्या मुलाचं. अठरा वर्षांखालच्या मुलांची गुन्ह्यांची प्रकरणं ज्याच्यापुढे येतात त्या बाल न्याय मंडळावर मी सहा वर्षं सदस्य होते, म्हणून हे थोडं माहितीचं आहे. तुरुंग नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. मोठ्या माणसासारखा खटला चालवण्याचा विचार होतो तो सोळा ते अठरा वयाच्या मुलांबाबत, आणि तोही अतिशय निर्घृण गुन्ह्यातच. ग्रुपवरची धमकी त्यात बसत नाही. अशा प्रकारात एरवी एफआयआरसुद्धा होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळापुढे येतो. मंडळ बहुधा समज देतं, समुपदेशनाला पाठवतं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवतं. प्रकरण मिटल्यावर पोलिसांना चारित्र्याच्या दाखल्यासाठी ही नोंद उघड करता येत नाही. त्याच्या आईला हे कोणी सांगितलं नसेल, तर 'वाटोळं केलंस' याशिवाय ती बिचारी दुसरं काय बोलणार?

मंडळापुढे आलेल्या मुलांची ओळख मी सांगणार नाही, पण एक दृश्य सांगते. असाच धमकीच्या प्रकारातला एक मुलगा समोर बसला होता. तासभर तो टेबलाच्या कडेचा सुटलेला सनमायका नखाने सोलत होता. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, 'खरंच करणार होतास?' तो म्हणाला, 'नाही.' मग बराच वेळ थांबून म्हणाला, 'कोणीतरी थांबवेल असं वाटलं होतं.' तुमच्या वाडीतला मुलगा असाच असेल असं मी म्हणत नाही. पण तो स्वतःच्या जिवाचं काही बोलत असेल तर त्याच्या घरच्यांना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. मुलांसाठीचा १०९८ आहेच. शाळा त्याच्या हातात दाखला ठेवायच्या विचारात असेल तर मुख्याध्यापकांना माझा निरोप सांगा. शाळेत असलेल्या मुलावर तीस जणांची नजर असते, घरी बसलेल्यावर फक्त मोबाईलची.

आणि तो चॅनेलवाला. वाटोळं केलं असेल तर त्याने. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा दाखवायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आमचं छोटं चॅनेल आहे' ही सबब चालत नाही. व्हिडिओची लिंक आणि स्क्रीनशॉट ठेवा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. तो अर्ज शक्य असेल तर त्या मुलाच्या आईबरोबर जाऊन द्या. तिच्याकडे जाताना नारळबिरळ घेऊन जाऊ नका, रिकाम्या हाताने जा. पहिल्यांदा ती दार लावून घेईल, तरी दुसऱ्यांदा जा.

घाईने नाव छापलं की काय होतं ते आपल्या देशानेही पाहिलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये गुडगावच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच दिवशी पोलिसांनी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं. त्याने कॅमेऱ्यासमोर 'कबुली'ही दिली. घराघरात त्या माणसाला फाशी झाली. दोन महिन्यांनी सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. कंडक्टरला आधी जामीन मिळाला आणि पुढच्या वर्षी तो आरोपमुक्त झाला. नंतर माध्यमांनी खरी नावं वापरू नयेत म्हणून कोर्टालाच टोपणनावं ठरवून द्यावी लागली. आरोपी मुलाचं टोपणनाव 'भोलू'. मला ते नाव वाचून हसावं की रडावं कळेना, पण निदान कोर्टाने कायदा पाळला. कंडक्टरचा चेहरा तोवर सगळ्या देशाला पाठ झाला होता.

बाई, आमच्याकडे माझ्या बापाशीची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. शेजारच्या जिल्ह्यातलं ऐकून सूनबाई म्हणते, बंदूक ठाण्यात जमा करा. डुकरां भात खातत, माकडां नारळ पाडतत. बंदूक गेली तर आमी खावचा काय? नातू आठवीत आहे.
एक आजोबा, कुडाळ तालुका

अण्णा, बंदूक ठेवा, पण माजघरातल्या खुंटीवरून आधी काढा. तिथे ती शोभेची वस्तू होते आणि नातवाच्या मोबाईलसाठी तयार फोटो. बंदूक कुलपाच्या कपाटात, दारू आणि छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ल्या तुमच्या करगोट्याला. देव्हाऱ्यामागे ठेवू नका, ती जागा घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ठासून ठेवलेली बंदूक घरात नको, 'रात्री डुक्कर आलं तर' हे कारण मला सांगू नका. आणि 'आमचा नातू तसला नाही' हे तर मुळीच नको. गुडगावलाच डिसेंबर २००७ मध्ये आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला शाळेत गोळ्या घातल्या. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं, घरातून आणलेलं. तेही घर चांगलंच होतं.

निवडणूक आली की तुम्ही मुकाट्याने ठाण्यात बंदूक जमा करताच ना? सूनबाईंचं म्हणणं त्याहून वेगळं नाही. नातवाच्या परीक्षा होईपर्यंत त्यांचं ऐकायलाही हरकत नाही. भात कापून झालं की डुकरं तशीही कमी येतात.

बाई, मी अकरावीत आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी 'शाळेतले गोळीबार आणि माध्यमे' हा विषय घेतलाय. भाषणाची दोन पानं सोबत पाठवली आहेत. हे सगळं अमेरिकेतच जास्त का होतं? आणि बातम्या दिल्याच नाहीत तर थांबेल का?
एक विद्यार्थिनी, दापोली

बाळ, तुझी पानं वाचली. त्यात चार मारेकऱ्यांची नावं आहेत, एकाने कसला कोट घातला होता तेही आहे. मेलेल्या मुलांपैकी एकाचंही नाव नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तूच लिहिलंयस.

अमेरिकेतच जास्त का, तर बंदुका. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीप्रमाणे तिथे दर शंभर माणसांमागे सामान्य लोकांच्या हातात १२० बंदुका होत्या. रागीट, एकटी, दुखावलेली मुलं दापोलीतही आहेत. त्यांच्या हाताला लागते ती कोयती, फार तर आजोबांची ठासणीची. स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावात १९९६ मध्ये एका माणसाने शाळेत शिरून १६ मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली. पुढच्या वर्षी ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर बंदी घातली.

अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबाराबद्दल तू लिहिलंस की 'सगळ्यांनी छळलेल्या दोन एकलकोंड्या मुलांनी सूड घेतला'. एप्रिल १९९९ मधले पहिले काही दिवस सगळी वर्तमानपत्रं हेच छापत होती. काळ्या कोटांच्या टोळीची कहाणी त्यातलीच. नंतरच्या तपासात ती टिकली नाही. त्या दोघांचा मूळ बेत शाळेच्या उपाहारगृहात मोठे बाँब उडवण्याचा होता, ते फुटलेच नाहीत. पण पहिल्या आठवड्यातली गोष्ट पंचवीस वर्षं फिरत राहिली आणि जगभरातल्या किती पोरांनी ती आपल्याच कपाळी लिहिलेली मानली. तुझं ते वाक्य काढ.

बातम्या बंद करून मात्र चालणार नाही. टेक्सासमधल्या युवाल्डी गावात मे २०२२ मध्ये १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. सुरुवातीला पोलिसांच्या धाडसाचं कौतुक झालं. मग हळूहळू बाहेर आलं की मारेकरी शाळेत शिरल्यापासून तो मारला जाईपर्यंत ७७ मिनिटं गेली, आणि त्यातला बहुतेक वेळ पोलीस वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभे होते. जुलैत एका वर्तमानपत्राने त्या व्हरांड्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रणच प्रसिद्ध केलं. पत्रकार गप्प बसले असते तर कौतुकच इतिहासात राहिलं असतं. छापायचं ते हे. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी २०१९ मध्ये, क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर, मारेकऱ्याचं नाव आपण उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं. हल्ल्याबद्दल त्या बोलल्या, बंदुकांबद्दलही बोलल्या, आणि तिथला कायदा महिन्याभरात बदलला.

तेव्हा दुसरं पान नव्याने लिही. चार नावं काढ, त्या जागेत युवाल्डीची ७७ मिनिटं घाल. सहा मिनिटांत बसत नसेल तर सुरुवातीचं कवितेचं कडवं गाळ. परीक्षकांना ते पाठ असतं.