बॉडी झाली, पण शुक्रजंतू शून्य

कोपरखैरण्याचं जोडपं. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही. बायको २९ वर्षांची. तिच्या फाइलमध्ये सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, थायरॉइड, सगळं नॉर्मल. नवऱ्याचा एकच कागद, तोही सगळ्यात शेवटी केलेला: वीर्य २ मिली, शुक्रजंतू शून्य. (हा उलटा क्रम नेहमीचाच. स्वस्त आणि बिनत्रासाची तपासणी नवऱ्याची, पण सुया टोचून घेते ती बायको.)

कोणती औषधं घेता, असं दोनदा विचारल्यावर तो बोलला. "जिममध्ये दोन वर्षं इंजेक्शनं घेतोय. पण ते टेस्टोस्टेरॉनच ना मॅडम, पुरुषाचंच हार्मोन. मग बीज वाढायला नको?"

ही शंका पुष्कळांना असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच हे इशाऱ्याचं हार्मोन सोडतो. त्या इशाऱ्यावर मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं, एफएसएच सर्टोली पेशींना शुक्रजंतू पोसायला लावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं दिसलं की मेंदू इशारे थांबवतो. सोसायटीची टाकी टँकरने भरली तर पंप चालू होईल का? तसंच. शिवाय शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं. इंजेक्शनने रक्तातलं वाढतं, आतलं आटतं. वृषण लहान आणि मऊ होतात.

त्याच्या रिपोर्टात हे स्वच्छ दिसत होतं: टेस्टोस्टेरॉन १,१०० च्या वर, म्हणजे खूप जास्त; एलएच आणि एफएसएच दोन्ही ०.५ च्या खाली, म्हणजे जवळजवळ बंद. हेच एफएसएच खूप वाढलेलं असतं, तर बिघाड वृषणातच असल्याची शंका घेऊन गुणसूत्रांची तपासणी करावी लागली असती. प्रोलॅक्टिन हे पिट्युटरीचं आणखी एक हार्मोनही तपासलं, कारण ते वाढवणारी पिट्युटरीतली गाठही एलएच-एफएसएच दाबते. ते नॉर्मल आलं.

इंजेक्शन बंद, हा पहिला उपाय. एचसीजी किंवा क्लोमिफीन (आतलं टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू करायची औषधं) द्यायचं की नाही, ते एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनतज्ज्ञ) किंवा अँड्रॉलॉजिस्ट (पुरुषांचे प्रजननतज्ज्ञ) ठरवतील. ट्रेनरने लिहून दिलेलं 'पीसीटी', म्हणजे इंजेक्शनांचा कोर्स संपल्यावर घ्यायची औषधं, अजिबात नको. शुक्रजंतू तयार होऊन बाहेर यायला जवळपास तीन महिने लागतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी तपासणी करून काही कळत नाही. नमुना २ ते ७ दिवसांच्या संयमानंतर द्यायचा आणि घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये, खिशात अंगाच्या उबेला धरून न्यायचा. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी.

खरा कस लागतो तो इंजेक्शन सुटल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत. बाहेरचं हार्मोन संपलेलं, आतलं अजून सुरू झालेलं नाही. थकवा, चिडचिड, इच्छा नाही, दंड उतरलेले. बहुतेक जण इथेच पुन्हा सुई घेतात आणि घड्याळ मागे जातं. म्हणून हे आधीच दोघांसमोर सांगितलं आणि त्या काळात दर आठवड्याला फोन ठरवला. उदासी फार वाढली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे थेट जायचं, हेही सांगून ठेवलं. सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न बायकोने काढला. त्याने स्वतः सांगायचं ठरलं: "रिपोर्ट माझा खराब आहे, उपचार माझे चालू आहेत." बस, एवढंच.

पाचव्या महिन्यात एलएच वर आलं आणि नमुन्यात मिलीला ४० लाख शुक्रजंतू दिसले. डब्ल्यूएचओची किमान पातळी १ कोटी ६० लाख आहे. बहुतेकांचे आकडे सहा ते बारा महिन्यांत सुधारतात, काहींना दोन वर्षं लागतात. बायको २९ ची आहे म्हणून थांबणं परवडतं. ती ३६ ची असती, तर याच आकड्यावर आयव्हीएफचा विषय काढला असता.