पत्रे उतरवण्याआधी

प्रश्न : गोव्यात माशेलला आमचं जुनं चिऱ्यांचं घर आहे. मागच्या मांगरावर आणि न्हाणीघरावर सासऱ्यांनी १९८४ साली सिमेंटचे पत्रे घातले. आता मांगर मोडून तिथं दोन खोल्या बांधायच्या आहेत, आणि पावसाआधी वर छप्पर हवं. माझे दीर इंग्लंडात स्विंडनला बांधकामावर असतात. त्यांनी फोनवर सांगितलं, "आधी ॲस्बेस्टॉसचा सर्व्हे करून घे. इथं एका जुन्या शाळेचं काम त्या कागदासाठी अडवून ठेवलं होतं." कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "वयनी, वीस वर्षं मी हे पत्रे फोडतोय. मला काय झालंय?" आपल्याकडे असा सर्व्हे सक्तीचा आहे का? नसेल तर मी काय करू?
– एक वाचक, माशेल

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचं म्हणणं बरोबर आहे. ॲस्बेस्टॉस हे तंतूंचं खनिज. अशा सिमेंटच्या पत्र्यांत ते मिसळलेलं असतं, आणि पत्रा फुटला की त्याचे तंतू धुळीबरोबर श्वासात जातात. कॉन्ट्रॅक्टरही खोटं बोलत नाही. वीस वर्षांत त्याला काही झालं नसेल, कारण ॲस्बेस्टॉसचे आजार दिसायला साधारण वीस ते पन्नास वर्षं लागतात. त्याचे प्रकार रंगावरून ओळखतात. ब्रिटननं निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस १९८५ साली बंद केलं, पांढरं १९९९ साली. तरीही तिथं आज वर्षाला पाच हजारांहून जास्त माणसं त्याच्या आजारांनी मरतात. ती चाळीस वर्षांपूर्वीच्या सुतारांची, प्लंबरांची, वायरमनांची मरणं आहेत.

सक्तीचं विचाराल तर आपल्याकडे घर मोडण्याआधी मालकानं ॲस्बेस्टॉसचा सर्व्हे करावाच, असा कायदा नाही. ब्रिटनमध्ये २०१२च्या नियमांप्रमाणे ही जबाबदारी माणसं कामाला लावणाऱ्यावर असते. कामाच्या जागी ॲस्बेस्टॉस आहे का, कुठल्या प्रकारचं, किती चांगल्या अवस्थेत, हे शोधल्याशिवाय त्यानं काम सुरूच करायचं नाही. मोडतोड मोठी असेल तर सर्व्हे करणारा माणूस छताचे बोर्ड उघडतो, फरशी उचलतो, पाईपांवरचं वेष्टन तपासतो, नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवतो. युरोपीय संघानं २०२३ साली आणखी पुढचं पाऊल टाकलं. कामगाराच्या श्वासातल्या हवेत घनसेंटीमीटरमागे ०.१ तंतूची मर्यादा होती, ती ०.०१वर आणली.

आपण कुठे आहोत? १९८६पासून आपण ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं, १९९३पासून जुन्यांचं नूतनीकरणही. पण पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून येतं आणि त्याचे पत्रे बाजारात उघड मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यासकट सगळ्याच प्रकारांना माणसात कर्करोग निर्माण करणारं म्हणते.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. १९८९ साली मी जुवारी नदीकाठच्या एका बार्ज (मालवाहू बोटी) दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये नवा सेफ्टी ऑफिसर होतो. इंजिनरूममध्ये एग्झॉस्ट पाईपला पांढऱ्या दोरीचं वेटोळं आणि त्यावर खडूसारखा लेप असायचा. हुबळीकडचा एक वेल्डर तो लेप छिन्नीनं ठोकून काढत होता. वरच्या झडपेतून उन्हाची तिरीप आत येत होती आणि तिच्यात ती धूळ नुसती तरंगत होती, खाली बसतच नव्हती. त्यानं त्याच बाहीनं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर पाव खायला बसला. मी त्याला हेल्मेट घालायला सांगितलं. हेल्मेट! त्या धुळीबद्दल मी एक शब्द बोललो नाही, कारण ती काय आहे हे मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

२०१४ साली तो मला मडगावच्या बाजारात भेटला. दहा पावलं चालला की थांबायचा. डॉक्टरांनी फुप्फुसं घट्ट झाल्याचं सांगितलं होतं. कारण तीच धूळ, असं मी सिद्ध करू शकत नाही. त्याच्याकडे तिथं काम केल्याचा एकही कागद नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५च्या निकालात ॲस्बेस्टॉस कारखान्यांना बजावलं होतं, की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर पंधरा वर्षं, यातलं जे उशिरा येईल तोवर जपा. तो निकाल मी कितीदा वाचला असेन. पत्रा बनवणाऱ्याची नोंद ठेवायची आहे. पण तुमच्या मांगरावर चढून तोच पत्रा फोडणाऱ्या रोजंदारीच्या मुलाचं नाव कुठल्या वहीत आहे? त्याच्यासाठी काम सुरू व्हायच्या आधीचा सर्व्हे हाच काय तो कागद. म्हणून तो सक्तीचा व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो होईपर्यंत तुमच्यासारख्या मालकांनी स्वतःहून करावा.

तुमच्या घरापुरता तो करणं फार अवघड नाही. एक वही घ्या आणि घराभोवती फिरा. मांगराचे पत्रे किती, न्हाणीघराचे किती, कुठले चिरलेले, कुठल्यांवर शेवाळ, ते लिहा आणि फोटो काढा. मग जरा आडबाजूला बघा. माडाच्या आळ्याभोवती रोवलेले पत्र्यांचे तुकडे, लाकडांच्या राशीवर टाकलेला पत्रा, सांडपाण्याचा जुना सिमेंट पाईप, गच्चीवरची करड्या रंगाची टाकी, जुन्या फ्यूजबोर्डामागची पाटी. १९८४चा पत्रा असेल तर चाचणीच्या मागे न लागता तो ॲस्बेस्टॉसचाच धरून चाला. नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, आणि परदेशातही शंका असेल तिथं ते आहे असंच गृहीत धरतात. नमुना तपासायचाच असेल तर स्वतः तुकडा मोडू नका. पणजीत अल्तिनोवर कारखाने व बाष्पक निरीक्षणालय आहे, तिथं विचारा. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था याच विषयात काम करते.

ती यादी कॉन्ट्रॅक्टरच्या हातात द्या आणि करारात एक ओळ घाला : पत्रे अखंड उतरवायचे, फोडायचे नाहीत. त्याचे जास्त दिवस लागतील, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे. इथं घासाघीस करू नका, ताई. पैसे वाचवायला म्हणून पत्रा वरून ढकलला जातो, आणि खाली आपटल्यावर जी धूळ उडते ती शेजारच्या अंगणातही जाते.

उतरवायच्या दिवशी बागेच्या पाईपनं, बारीक फवाऱ्यानं, पत्रे भिजवायचे. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घातले की पाणी नीट मुरतं. पत्रे धरून ठेवणारे गंजलेले जे-बोल्ट बोल्टकटरनं तोडायचे, ग्राइंडर लावायचा नाही. पत्र्यावर कोणीही थेट पाय ठेवायचा नाही. चाळीस पावसाळे खाल्लेला पत्रा पापडासारखा मोडतो आणि शेवाळावर पाय सरकतो. फुप्फुसांचं दुखणं वीस वर्षांनी येईल, वरून पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. खालून मचाण बांधा, वर जायचंच असेल तर फळ्या टाका. उतरवलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, टेपनं बंद करा, वर ठळक लिहा. खाली सांडलेलं केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसून फडकं त्याच गठ्ठ्यात टाका. आणि कामावरच्या मुलांना आंघोळीला तुमच्याच विहिरीचं पाणी द्या, कपडे तिथंच भिजवायला लावा. तोच शर्ट घालून मुलगा खोलीवर गेला तर तिथं आणखी सहा जण झोपतात.

टाकून द्यायच्या ॲस्बेस्टॉसला २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत जागा आहे. ट्रकवाल्याला शंभर-दोनशे देऊन ते रानात किंवा शेताच्या बांधावर टाकायला लावू नका. गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाला आधी पत्र लिहा, तारीख घ्या, मगच पत्रे उतरवा. चांगले निघालेले पत्रे शेजारी मागायला येतील, गोठ्याला हवेत म्हणून. मन मोडेल, तरी देऊ नका.

प्रश्न : मी वेर्णा भागात साइट सुपरवायझर आहे. जुन्या शेडी पाडताना कोविडच्या वेळचे एन-९५ मास्क वापरले तर चालतील का? गेली दोन वर्षं आम्ही साधा रुमाल बांधून हे काम केलं आहे. सीटी स्कॅन करून घेऊ का?
– एक तरुण वाचक, कुठ्ठाळी

उत्तर : रुमालानं ही धूळ मुळीच अडत नाही. एन-९५ रुमालापेक्षा कितीतरी बरा, पण या कामाला मी त्याहून बारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ दर्जाचाच मास्क देईन, आणि तोही दाढी केलेल्या चेहऱ्यावर. दाढीच्या फटीतून हवा आत शिरते, मग मास्क कितीही महाग असो. मास्क हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी भिजवणं, न कापणं, न फोडणं.

स्कॅनची घाई नको. दोन वर्षांच्या धुळीचा परिणाम आज कुठल्याच फोटोत दिसणार नाही. छातीच्या डॉक्टरांकडे एकदा जा, कुठं, कधी, किती दिवस हे काम केलं ते सांगा आणि त्यांच्या केसपेपरवर लिहून घ्या. तोच कागद जपून ठेवा. विडी-सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा. धूर आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, पटींनी वाढतो. तुमच्या हाताखालच्या मुलांनाही हे सांगा, आणि त्यांच्या भाषेत सांगा. कन्नड येत नसेल तर मुकादमाला उभा करा.

प्रश्न : आमच्या वाड्यावर नळाचं पाणी जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पाईपातून येतं. ते प्यावं का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : प्या. पोटात गेलेल्या तंतूंनी अपाय होतो असा ठाम पुरावा जागतिक आरोग्य संघटनेला मिळालेला नाही. मला काळजी आहे ती पाईप फुटल्यावर खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाची. तो कोरडा पाईप कटरनं कापतो आणि खड्ड्यात हवा खेळत नाही. पुढच्या वेळी दुरुस्तीला कोणी आलं तर त्याला हातकरवत वापरायला सांगा, आणि तो कापत असेपर्यंत तुम्ही वरून तांब्यानं पाणी ओतत राहा.